शिफारशीचे मोल

वसईच्या खाडीच्या दक्षिण काठावर, पोर्तुगीजांच्या जुन्या किल्ल्याच्या पायथ्याशी घोडबंदर हे गाव आहे. समुद्रमार्गे आलेले घोडे या बंदरात उतरत आणि त्यावरूनच गावाला हे नाव पडले, अशी व्युत्पत्ती सांगितली जाते. १७३७ मध्ये मराठ्यांनी हा किल्ला पोर्तुगीजांकडून घेतला, १८१८ मध्ये तो इंग्रजांकडे गेला. घोड्यांचा व्यापार केव्हाच संपला. नाव तेवढे उरले.

घोड्यांच्या कोणत्याही बाजारात दात पाहून वय ओळखणारा जाणकार दलाल लागतो. त्याच्याजवळ स्वतःचा तबेला नसतो, भांडवल नसते. ‘हा घोडा घ्या’ एवढे सांगण्याचेच त्याला पैसे मिळतात. मात्र त्याच्या शब्दावर घेतलेला घोडा चार दिवसांत लंगडू लागला, तर पुढच्या हंगामात त्याच्याकडे कोणी फिरकत नाही. घोडा विकणारा दुसरे गिऱ्हाईक शोधतो. दलालाला मात्र दुसरे तोंड मिळत नाही.

आज त्याच गावाशेजारून जाणाऱ्या घोडबंदर रस्त्यावर रात्रंदिवस मालमोटारींची रांग असते. भिवंडीच्या गोदामांतून निघालेला माल या रस्त्याने मीरा-भाईंदर, वसई आणि पुढे गुजरातकडे जातो. त्यात घरोघरी मागवलेली असंख्य पार्सले असतात. त्यांतील काही पार्सलांमागे एखाद्या तिसऱ्याच माणसाची शिफारस असते. त्याने वस्तूची माहिती दिली, खाली एक लिंक दिली, कोणी त्या लिंकवरून खरेदी केली आणि विकणाऱ्या कंपनीने शिफारस करणाऱ्याच्या नावे काही टक्के रक्कम जमा केली. या व्यवहाराला ॲफिलिएट मार्केटिंग म्हणतात. ॲमेझॉनने अमेरिकेत १९९६ मध्ये अशी योजना सुरू केली आणि पुढे ती जगभर रूढ झाली. नाव परके असले तरी व्यवहार व्यापारी कुटुंबांना परका नाही. ही दलालीच आहे. फरक इतकाच की येथे दलाल गिऱ्हाइकाला कधी भेटत नाही.

मीरा-भाईंदरमधील अनेक घरांत सध्या हा विषय निघतो. थोरला मुलगा दुकान सांभाळत असतो, धाकटा बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला असतो, सून हिशेबाला पक्की असते. पण लहान मुलांमुळे तिला पूर्ण वेळ बाहेर पडता येत नाही. भांडवल न गुंतवता, माल न साठवता घरबसल्या करता येणारा उद्योग म्हणून या कामाकडे पाहिले जाते आणि तसे पाहण्यात काही चूक नाही. चूक होते ती पहिल्या प्रश्नात. नवोदित बहुधा विचारतो, ‘सर्वांत जास्त कमिशन कोणत्या वस्तूवर मिळते?’ वास्तविक त्याने विचारावे, ‘कोणत्या वस्तूविषयी माझा शब्द खरा ठरेल?’

बँकेच्या कर्जव्यवहारात एक साधा अनुभव आहे. बाजारात रूढ असलेल्या दरापेक्षा बरेच जास्त व्याज देण्यास जो कर्जदार आनंदाने तयार होतो, त्याची फाइल अधिक काळजीने तपासावी लागते, कारण कमी दराने त्याला कोणी कर्ज देत नसते. दलालीचेही तसेच आहे. उत्तम चालणाऱ्या मालाला भरघोस दलालीची गरज नसते. निम्मी किंमत दलालीत वाटून टाकणारा विक्रेता उरलेल्या निम्म्यात गिऱ्हाइकाला काय देतो, हा प्रश्न शिफारस करणाऱ्याने आधी स्वतःला विचारला पाहिजे. प्रत्येक मोठी दलाली संशयास्पदच असते असे नाही. परंतु तिचे कारण कळल्याशिवाय ती स्वीकारू नये.

पहिली कसोटी: स्वतःची जाण

पहिली वस्तू निवडावी ती ज्या विषयात घराला मुळातच जाण आहे त्या विषयातली. भाईंदर हे स्टेनलेस स्टीलच्या भांड्यांच्या उद्योगासाठी ओळखले जाते. या धंद्याशी संबंध असलेल्या घरातील मुलाला जे सहज ठाऊक असते, ते पुण्या-नाशिकच्या गृहिणीला ठाऊक नसते. ३०४ प्रतीच्या पोलादात साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. २०२ प्रतीत निकेल कमी व मँगनीज जास्त असते; म्हणून ते स्वस्त पडते, पण मीठ आणि आंबट पदार्थांपुढे तुलनेने कमी टिकते. लोहचुंबक लावून या दोहोंतला फरक ओळखता येतो, हा समज चुकीचा आहे, कारण सामान्यतः दोन्हींना चुंबक धड चिकटत नाही. उलट इंडक्शन शेगडीवर चालण्यासाठी भांड्याच्या तळाला चुंबक चिकटावाच लागतो. एवढी माहिती सोप्या मराठीत, भांडे हातात धरून सांगणारा तरुण कोणत्याही गिऱ्हाइकाच्या उपयोगी पडतो. तोच तरुण जर भ्रमणध्वनीच्या नव्या संचाविषयी बोलू लागला, तर त्याच्याहून जाणकार शेकडो लोक आधीच बोलत असतात आणि त्याचे बोलणे कंपनीच्या माहितीपत्रकाची नक्कल ठरते.

जाण ही केवळ धंद्यातून येत नाही; ती घरच्या रीतीतूनही येते. खाद्यपदार्थांच्या वेष्टनावरील हिरवा ठिपका शाकाहाराची खूण आहे, हे सर्वांना माहीत असते. परंतु त्या ठिपक्यावरून पदार्थात कांदा, लसूण किंवा बटाटा आहे की नाही हे कळत नाही. मधाच्या बाटलीवरही हिरवाच ठिपका असतो. काही गोळ्या-चॉकलेटांना चकाकी आणण्यासाठी वापरलेली लाख घटकांच्या यादीत ‘ई ९०४’ अशा क्रमांकाने येते. घटकांची यादी वाचून कोणता पदार्थ जैन स्वयंपाकघरात चालेल आणि कोणता नाही, हे सांगण्याचे काम जी गृहिणी रोज आपल्या घरासाठी करते, तिच्याजवळ शेकडो घरांना हवे असलेले ज्ञान आहे. ते ज्ञान हेच तिचे भांडवल.

दुसरी कसोटी: खरी गरज

वस्तू चांगली असून भागत नाही. ती कोणीतरी शोधत असली पाहिजे. येथे नवोदिताची दृष्टी बहुधा फार मोठ्या बाजाराकडे वळते. ‘मिक्सर सर्वांनाच लागतो’ हे खरे. पण म्हणूनच त्याविषयी सांगणारेही सर्वत्र आहेत. लहान, नेमकी आणि दुर्लक्षित गरज शोधणे अधिक फलदायी असते. उकाळलेल्या पाण्याचा नियम असलेल्या श्रावकाला शिखरजी किंवा पालिताण्याच्या यात्रेत पाणी कसे न्यावे, हा प्रश्न पडतो. चौविहार पाळणारा नोकरदार सूर्यास्ताच्या वेळी चर्चगेटहून सुटलेल्या गाडीत असतो. त्याला कार्यालयातच जेवण उरकायचे असते आणि सकाळी भरलेला डबा संध्याकाळपर्यंत गरम राहावा अशी त्याची अपेक्षा असते. अशा माणसाला चांगला थर्मास किंवा गरम राहणारा डबा कोणता, हे स्वतः आठ दिवस वापरून सांगणारे किती जण आहेत?

गरजेला ऋतूही असतो. जूनमध्ये शाळेची दप्तरे आणि रेनकोट, पर्युषणापूर्वी उपवास-पारण्याशी संबंधित वस्तू, दिवाळीपूर्वी भांडी व भेटवस्तू यांची विचारणा वाढते. गुगल ट्रेंड्स या विनामूल्य सोयीवर एखाद्या शब्दाचा शोध वर्षाच्या कोणत्या महिन्यात वाढतो याचा आलेख पाहता येतो. व्यापारी घरांत हंगामापूर्वी माल भरण्याची रीत आहे. येथे माल भरायचा नसला तरी माहिती भरायची असते. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात लिहिलेली शिफारस उशिराच पोहोचते.

तिसरी कसोटी: हिशेब

दलालीचा टक्का आणि हाती येणारी रक्कम यांत अंतर असते. पुढील आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत. समजा, ८०० रुपयांच्या कुर्त्यावर ८ टक्के, म्हणजे ६४ रुपये दलाली आहे. शिफारशीवरून ३० कुर्ते विकले गेले. पण माप न बसल्याने १० परत आले. हाती आले २० गुणिले ६४, म्हणजे १,२८० रुपये. दुसरीकडे २,५०० रुपयांच्या कुकरवर ४ टक्के, म्हणजे १०० रुपये दलाली आहे. विक्री २० नगांची झाली आणि एकच परत आला. हाती आले १,९०० रुपये. टक्का निम्मा असूनही कुकर सरस ठरला, कारण त्याची किंमत जास्त आणि परतीचे प्रमाण कमी होते.

कापडाच्या आणि हिऱ्यांच्या व्यापारात जांगड ही पद्धत परिचित आहे. पसंतीसाठी दिलेला माल पसंती कळेपर्यंत विकला गेला असे धरत नाहीत. ॲफिलिएट दलालीचेही तसेच आहे. खात्यात दिसणारी रक्कम माल परत करण्याची मुदत संपेपर्यंत जांगडच समजावी. ज्या वस्तूंत माप, रंग किंवा पोत यांवरून नापसंती होते, त्या वस्तू नवोदिताने सुरुवातीला टाळाव्यात हे उत्तम.

याशिवाय प्रत्येक योजनेच्या अटी सही करण्यापूर्वी कर्जाच्या करारासारख्या वाचाव्यात. लिंक उघडल्यानंतर किती काळात झालेली खरेदी ग्राह्य धरली जाते, किमान किती रक्कम जमल्यावर ती बँक खात्यात येते, लिंक कोठे देता येते आणि कोठे नाही, घरच्यांनी केलेली खरेदी धरली जाते का, या चार बाबी तपासाव्यात. ॲमेझॉनच्या योजनेत ही मुदत साधारणतः २४ तासांची असते आणि स्वतःच्या लिंकवरून स्वतः केलेल्या खरेदीवर दलाली मिळत नाही. दरांची शाश्वतीही नसते. एप्रिल २०२० मध्ये ॲमेझॉनने अमेरिकेतील अनेक वर्गांचे दर एकाएकी कमी केले. घरगुती सामान व फर्निचरचा दर ८ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आला. ज्यांची सारी मिळकत त्या एका योजनेवर अवलंबून होती, त्यांना त्याची झळ बसली. एकाच पेढीच्या आडतीवर घर चालवू नये, हा जुना शहाणपणा येथेही लागू आहे.

चौथी कसोटी: वस्तूची आणि विक्रेत्याची सचोटी

मोठ्या संकेतस्थळावर विकली जाते म्हणून वस्तू निर्दोष असते, असे मानता येत नाही. घरगुती प्रेशर कुकरला आयएसआय चिन्ह असणे १ फेब्रुवारी २०२१ पासून बंधनकारक झाले. तरीही त्या मानकात न बसणारे कुकर ऑनलाइन विकले जात होते. ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशाच २,२६५ कुकरच्या विक्रीसंबंधी ॲमेझॉनला एक लाख रुपये दंड ठोठावला आणि ग्राहकांना कळवून, कुकर परत घेऊन पैसे देण्याचा आदेश दिला. हे प्रकरण पुढे उच्च न्यायालयात गेले. येथे मुद्दा एवढाच की, त्या कुकरपैकी एखादा कोणाच्या शिफारशीवरून घेतला गेला असेल, तर शिफारस करणाऱ्याने चिन्ह पाहिले होते का? कुकरचा स्फोट ही कागदावरची चूक नसते.

स्टेनलेस स्टील व ॲल्युमिनियमच्या भांड्यांसाठीही आयएसआय चिन्ह सक्तीचे करणारा आदेश केंद्र सरकारने १४ मार्च २०२४ रोजी काढला. चिन्हासोबतचा परवाना क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ या ॲपवर टाकला की तो खरा आहे की नाही हे कळते. दोन मिनिटांचे हे काम प्रत्येक शिफारशीपूर्वी करावे. त्याचबरोबर वस्तू स्वतः विकत घेऊन, काही दिवस वापरून, शक्य तर एकदा तक्रार नोंदवून विक्रेता दाद देतो का हे पाहावे. ‘धर्माची गाय आणि दात का नाय’ असे म्हणून फुकट मिळालेल्या वस्तूचे दोष पाहू नयेत, हे घरी ठीक. परंतु कंपनीने फुकट पाठवलेली वस्तू दुसऱ्याच्या गळ्यात घालायची असेल, तर तिचे दात मोजलेच पाहिजेत.

वस्तू न पाहता स्तुती लिहिणे, इतरांची मते स्वतःची म्हणून छापणे, नकली मालाला अस्सल म्हणणे हे सगळे या क्षेत्रात सर्रास चालते. श्रावकाच्या अणुव्रतांच्या अतिचारांत कूटलेख आणि प्रतिरूपक व्यवहार हे शब्द शतकानुशतके आहेत. खोटा लेख करणे आणि अस्सल म्हणून नकली माल देणे, हा त्यांचा अर्थ. माध्यम बदलले म्हणून त्या शब्दांचा अर्थ बदलत नाही.

पाचवी कसोटी: पैसा कोठून येतो

सर्वांत महत्त्वाची कसोटी ही आहे. जी दलाली वस्तूच्या विक्रीतून येते, ती दलाली. जी नव्या माणसाने भरलेल्या पैशांतून येते, ती दलाली नव्हे. ‘आधी पाच हजार भरून सदस्य व्हा, मग तीन जणांना जोडा’ असे सांगणारी योजना कितीही आधुनिक नावाने आली तरी ती साखळीच असते. डिसेंबर २०२१ मध्ये अधिसूचित झालेल्या थेट विक्रीविषयक नियमांनी अशा साखळी योजनांना मनाई केली आहे. पैशांच्या फिरवाफिरवीच्या योजनांवर बंदी घालणारा कायदा तर १९७८ पासून अस्तित्वात आहे.

या भागातील रहिवाशांना याचे उदाहरण दूर शोधावे लागत नाही. टोरेस या नावाने दागिन्यांची दालने चालवणाऱ्या प्लॅटिनम हर्न या कंपनीचा व्यवहार जानेवारी २०२५ मध्ये कोसळला. दादरच्या दालनासमोर गुंतवणूकदारांची गर्दी उसळली. मीरा रोड येथेही या कंपनीचे दालन होते. मॉइसनाइट या कृत्रिम खड्यांच्या खरेदीवर दर आठवड्याला परतावा देण्याचे आमिष दाखवले गेले आणि नवा गुंतवणूकदार आणणाऱ्यास वेगळा लाभ दिला जात असे, असे आरोप आहेत. मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने तपास हाती घेतला. अशा प्रसंगी पैसा बुडतो, त्याची नोंद पोलिसांत होते. पण ज्याने आपल्या मेव्हण्याला, शेजाऱ्याला, दुकानातील नोकराला ‘मी भरले आहेत, तूही भर’ असे सांगितलेले असते, त्याच्या नुकसानीची नोंद कोठेच होत नाही. लग्नकार्यात तो माणूस मागच्या खुर्चीवर बसू लागतो.

म्हणून गुंतवणूक, शेअर, कर्ज आणि विमा ही क्षेत्रे नवोदिताने पूर्णपणे वर्ज्य मानावीत. शेअर बाजाराविषयी सल्ला देण्यासाठी सेबीची नोंदणी लागते. नोंदणी नसताना असा सल्ला देणाऱ्यांशी नोंदणीकृत संस्थांनी संबंध ठेवू नयेत, असे नियम सेबीने ऑगस्ट २०२४ मध्ये केले. औषधे आणि रोग बरे करण्याचा दावा करणारी चूर्णे यांनाही हात लावू नये. चमत्कारी उपचारांच्या जाहिरातींविरुद्धचा कायदा १९५४ पासून आहे. ‘घरबसल्या कमाई शिका’ अशा महागड्या अभ्यासक्रमांवर निम्म्याहून जास्त दलाली मिळू शकते. एक पाच हजारांचा अभ्यासक्रम पाच जणांना विकला, तर साडेबारा हजार रुपये मिळतात. तो पोकळ निघाला तर पाच घरांची दारे बंद होतात. हा सौदा परवडतो का, याचा निर्णय प्रत्येकाने आपल्या गावातील आपल्या नावाकडे पाहून करावा.

दलाली उघड सांगणे

व्यापारात दलाल कोण आणि त्याची दलाली किती, हे दोन्ही पक्षांना ठाऊक असते. ऑनलाइन शिफारशीत मात्र ती लपवण्याकडे कल असतो. हे केवळ अशोभनीय नाही, ते बेकायदा आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९ अन्वये केंद्रीय प्राधिकरणाने ९ जून २०२२ रोजी दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयी मार्गदर्शक तत्त्वे जारी केली आणि जानेवारी २०२३ मध्ये समाजमाध्यमांवर शिफारस करणाऱ्यांसाठी स्वतंत्र सूचना प्रसिद्ध झाल्या. कंपनीकडून पैसा, भेटवस्तू किंवा अन्य लाभ मिळत असेल तर ते स्पष्ट सांगावे लागते; तेही सहज दिसेल अशा ठिकाणी आणि शिफारस ज्या भाषेत आहे त्याच भाषेत. दिशाभूल करणाऱ्या शिफारशीबद्दल १० लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तसेच घडल्यास ५० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. दाव्याची सत्यता पडताळण्यासाठी योग्य ती काळजी घेतली असल्यास शिफारस करणाऱ्याला या दंडातून संरक्षण मिळते. तेव्हा कुकरचे देयक, परवाना क्रमांकाचे छायाचित्र आणि वापराच्या नोंदी जपून ठेवणे हे सुज्ञपणाचे आहे.

‘या लिंकवरून खरेदी झाल्यास मला दलाली मिळते, तुम्हाला वस्तू त्याच किमतीत मिळते’ असे एक वाक्य आरंभी लिहिले की पुरे. त्यातील दुसरा भाग खरा आहे याची मात्र खात्री करून घ्यावी. दलालीची कबुली दिल्याने गिऱ्हाईक दुरावेल, ही भीती बहुधा निराधार असते. लपवलेली दलाली नंतर कळली की मात्र ते निश्चित दुरावते.

कर आणि खातेवही

दलालीचे उत्पन्न करपात्र असते. दलालीवर मुळातून होणारी करकपात १ ऑक्टोबर २०२४ पासून ५ टक्क्यांवरून २ टक्के झाली आणि १ एप्रिल २०२५ पासून ती वर्षाला २० हजार रुपयांहून जास्त दलालीवरच होते. त्यामुळे पॅन क्रमांक सुरुवातीलाच द्यावा आणि कापलेला कर विवरणपत्रात दाखवून घ्यावा. सेवांची उलाढाल वर्षाला २० लाख रुपयांच्या आत असेल, तर सामान्यतः वस्तू व सेवा कराची नोंदणी लागत नाही. परंतु घरातील ज्याच्या नावे दुकान आहे त्याच्याच नावे हे उत्पन्न घेतल्यास दोन्ही उलाढाली एकत्र धरल्या जातात. सुनेने काम केले असेल तर पॅन, बँक खाते आणि उत्पन्न तिच्याच नावे असावे. हे कराच्या दृष्टीने स्वच्छ आहे आणि कष्ट तिचे असल्याने न्याय्यही आहे.

आरंभ लहान असावा. पहिल्या तीन महिन्यांत तीनच वस्तू निवडाव्यात. तिन्ही घरात वापरलेल्या, तिन्ही एकाच विषयातल्या. स्टीलचा डबा, थर्मास आणि इंडक्शनवर चालणारे भांडे अशी जोडी सहज जमते. प्रत्येकीचे गुण लिहिताना निदान एक उणीव अवश्य लिहावी: झाकण घट्ट आहे, लहान मुलाला उघडत नाही, थर्मास उत्तम आहे, पण जड आहे. उणीव वाचून जो खरेदी करतो, तो वस्तू क्वचितच परत करतो.

या तीन महिन्यांत मिळकत किरकोळ असेल, कदाचित शून्यही असेल. ॲपवर दिसणाऱ्या आकड्यांवर विसंबू नये. घरात एक साधी वही ठेवावी. एका पानावर तारीख, वस्तू, विक्री, परती आणि प्रत्यक्ष खात्यात आलेली रक्कम लिहावी. समोरच्या पानावर ज्यांनी खरेदी केली त्यांच्यापैकी जे ओळखीचे आहेत, त्यांचे म्हणणे लिहावे. देरासरात भेटल्यावर भाभी काय म्हणाल्या, भिवंडीच्या मामांचा डबा गळतो की नाही, हे त्या पानावर यावे. तीन महिन्यांनी वही उघडावी. डावीकडचे पान कोणत्या वस्तूवर पैसा मिळतो ते सांगेल. पुढे कोणती वस्तू ठेवायची आणि कोणती सोडायची, हे मात्र उजवीकडच्या पानावरून ठरवावे.